जीप सरळ चालेना

मित्रांनो, पारनेर तालुक्यात टेकडीच्या माथ्यावर एक वस्ती आहे. तिथे बाभळीखाली उभी असलेली जुनी खाकी जीप तुम्ही पाहिली असेल, तर ती मीच. माझा एक दिवा जरा चकणा आहे, डावं दार दोरीने बांधलेलं आहे आणि काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं आहे. दिसायला मी काही राजबिंडी नाही, आणि रूपाच्या गप्पा मारायला मी बसलेलेही नाही. माझ्यापायी एका घरावर काय वेळ आली, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्रा, धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानी आणि दगडधोंड्यांना न जुमानणारी चार चाकं, एवढीच माझी इस्टेट. तरुणपणी मी सरकारी खात्यात होते. साहेबांना घेऊन कालव्याच्या भरावावरून धूळ उडवत हिंडायची. पुढे साहेबांना गुळगुळीत गाड्या मिळाल्या आणि मला आवारात एका कडेला लावलं. माझ्या मागच्या सीटवर एक कुत्री व्याली, तेव्हाच मी ओळखलं की आपली पेन्शन सुरू झाली.

लिलावात मला भीमराजने घेतलं आणि माझा दुसरा जन्म झाला. तो टेकडीवरून पारनेरला आणि पारनेरहून नगरला वडाप करायचा, म्हणजे भाड्याने माणसं न्यायचा. बाजारच्या दिवशी माझ्यात माणसं, वाटाण्याच्या गोण्या आणि शेळ्या इतक्या दाटीने बसत, की कोणता पाय कोणाचा ते उतरल्यावरच कळायचं. “भीमाची जीप म्हातारी हाय, पन घोडीवानी पळती,” असं लोक म्हणत. म्हातारी म्हटलेलं मला आवडायचं नाही, पुढचं आवडायचं. भीमराज मात्र माझं सगळं ऐकायचा. माझ्या आवाजात जरा फरक पडला, की तो मला कडेला घेई, बॉनेट उघडी आणि म्हणे, “काय दुखतंय गं?” मित्रांनो, एवढं विचारणारा धनी मिळायला नशीब लागतं.

मग त्याचीच तब्येत ढासळली. आधी पाय सुजले, मग तोंड. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आता दर मंगळवारी आणि शनिवारी नगरच्या दवाखान्यात जायचं आणि मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. त्याला डायलिसिस म्हणतात, आणि त्यात खाडा चालत नाही. इकडे त्याच्या हातांत स्टेअरिंग फिरवायची ताकद उरली नव्हती. टेकडीवर ना एसटी येते ना ॲम्ब्युलन्स. वाटच अशी आहे, की बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो.

तेव्हा भीमराजची बायको सत्यशीला माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली. माळावर मला गोल गोल फिरवत तिने गाडी शिकून घेतली. भीमराज दगडावर बसून ओरडायचा, “क्लच! अगं, क्लच दाब!” आणि सासू सुमनबाई दारातून ओरडायच्या, “माझी कोंबडी बघ गं बाई!” थोड्याच दिवसांत तिने लायसन काढलं. पुढे पुढे तर टेकडीच्या वाटेवरच्या खिंडीतल्या वळणावर तिचा हात कोणता आणि भीमराजचा कोणता, हे मलाही वेगळं कळेना.

अडचण आली ती टेकडीखालच्या ओढ्यात. ओढ्यावर गाड्या जायला सिमेंटची फरशी होती. वाळूचे डंपर तिच्यावरून इतके धावले, की ती खचली, आणि उरलीसुरली पाण्याने नेली. मागे राहिले नुसते खडक. ते माझ्या पोटाला घासायचे. एका शनिवारी एका खडकाने माझं चेंबर फोडलं, इंजिनातलं सगळं ऑइल ओढ्यात सांडलं आणि मी तिथेच बसले. आत भीमराजला धाप लागली होती. वस्तीवरच्या माणसांनी बाज आणली, त्याला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून एका टेम्पोने कसंबसं नगर गाठलं. “यापुढे असा उशीर झाला, तर आमच्या हातात काही राहणार नाही,” असं डॉक्टरांनी सत्यशीलाला सांगितलं.

म्हणून मला उंच करायचं ठरलं.

फाट्यावर कानिफनाथ सुताराचं गॅरेज आहे. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या औतं बनवायचा धंदा. ट्रॅक्टर आले, लाकडी नांगर अडगळीत गेले, तशी कानिफनाथने सुतारकीचा वाकस ठेवून पाना उचलला. कांद्याच्या गोण्या जास्त बसाव्यात म्हणून पिकअपच्या कमानी चढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शिवाय तो भीमराजचा जुना दोस्त. “वहिनी, चिंता करू नगा. खडक खाली ऱ्हातील, गाडी वरनं जाईल,” असं म्हणून तो कामाला लागला.

त्याने माझ्या जुन्या कमानी काढून उंच कमानी घातल्या, लांब शॉकअप लावले. गाडी अशी उंच केली, की पुढच्या चाकांच्या ॲक्सलचा, म्हणजे आसाचा, कल बिघडतो. तो जागेवर आणायला कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाची पाचर घालतात, एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ. कानिफनाथला हे ठाऊक होतं. त्याने दोन्ही बाजूंना पाचरी घातल्या, यू-बोल्ट आवळले आणि नारळ फोडला. वस्तीवरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मी एकदम वीतभर उंच झाले होते. खोटं कशाला सांगू, मला गर्वच झाला.

पहिल्या खेपेला ओढ्यातले खडक माझ्या पोटाखालून मुकाट गेले. सत्यशीला किती दिवसांनी हसली. ते सुख डांबरी रस्त्यापर्यंतच टिकलं. वेग घेतला आणि माझी पुढची चाकं मला विचारेनाशी झाली. ती स्टेअरिंग सरळ धरायची आणि मी डावीकडे जायची. तिने उजवीकडे ओढलं, की मी उजवीकडेच पळत सुटायची. वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं ना? ते वळलेलंच राहायचं. आणि एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं, की हिवताप भरल्यासारखं माझं सगळं अंग थडथडायचं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न देत शिवी हासडली. सत्यशीला घामाने निथळली होती.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गॅरेजवर गेली.

“भाऊजी, गाडी वळल्यावर परत येत न्हाई. सरळ धरली तरी सरळ जात न्हाई.”

“वहिनी, उंच गाडीचं आसंच आसतं. सवय लागंल.”

“सवय लागायच्या आत जीव जाईल.”

कानिफनाथने मला गॅरेजपुढच्या सपाट रस्त्यावर, रिकामी, सावकाश पुढे-मागे फिरवलं. त्याची पद्धतच ती. कोणतीही गाडी दुरुस्त झाली, की गॅरेजच्या दारात एक चक्कर, आणि चावी गिऱ्हाइकाच्या हातात. “बघा, पोटातलं पानी हालत न्हाई,” तो म्हणाला. मी मनातल्या मनात किंचाळत होते. अरे बाबा, मला खिंडीत ने, माणसं बसव, खड्ड्यात घाल, मग बघ! पुढच्या ॲक्सलपाशी मला रात्रंदिवस ठणकत होतं. पण सांगणार कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. चाकांतली हवा कमी केली, वाढवली. टायर पुढचे मागे नि मागचे पुढे झाले. बेअरिंग बदललं. नगरच्या एका दुकानात मला कॉम्प्युटरसमोर उभं केलं. चाकं एकमेकांना समांतर आहेत का, एवढंच त्या पोऱ्याने पाहिलं. ॲक्सल कोणीकडे कलला आहे, ते त्याने पाहिलंच नाही. पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या आणि तो म्हणाला, “गाडी एकदम ओके आहे, ताई.” आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दर उपचारानंतर सत्यशीला आशेने मला रस्त्यावर काढायची आणि मी दर वेळी तिची आशा धुळीला मिळवायची. मला स्वतःचीच घृणा आली.

लोकांना तर विषयच मिळाला. पारावरून आवाज यायचा, “बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय हुनार?” कोणी म्हणायचं, “नाचता येईना, अंगन वाकडं!” एकाने सल्ला दिला, की उंच झाल्यामुळे गाडीला नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. सुमनबाईंनी त्याला तिथेच गप्प केलं. “आमच्यात बांधत न्हाईत. आन नजरेनं चाकं वाकडी हुत आसती, तर तुजं तोंड कवाच वाकडं झालं आसतं.”

या बोलण्याने सत्यशीला मोडली नाही. मोडली ती घरच्याच माणसाच्या एका वाक्याने. नगरहून परत येताना मी पुन्हा एकदा भलतीकडे ओढ घेतली, तेव्हा भीमराज थकल्या आवाजात म्हणाला, “सत्या, तुझा हात जड पडतोय. स्टेअरिंगशी भांडू नको.”

“मी भांडत न्हाई हो. वळल्यावर ती परतच येत न्हाई.”

“इतकी वर्सं माझं तर ऐकत हुती.”

घरी आल्यावर तिने मला बाभळीखाली लावलं, त्याला आत नेऊन झोपवलं आणि परत येऊन स्टेअरिंगवर डोकं टेकून रडली. ज्याने माझा प्रत्येक आवाज ओळखला, त्यालाही माझं दुखणं कळलं नाही, कारण आता तो माझ्यात बसत होता, मला चालवत नव्हता. ‘तुझा दोष नाही गं बाई,’ एवढं मला तिला सांगायचं होतं. माझ्या भोंग्यातून ते निघेना.

आणि मग तो मंगळवार आला. खिंडीतल्या दुसऱ्या वळणावर माझं पुढचं चाक एका धोंड्यावर चढून उतरलं. त्याबरोबर माझं सगळं अंग थरथरू लागलं, स्टेअरिंग सत्यशीलाच्या हातून हिसकावलं गेलं आणि मी थेट कड्याकडे निघाले. तिने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. माझं एक चाक काठावरून बाहेर लोंबकळत थांबलं. खाली खोल वाटाण्याची शेतं दिसत होती. भीमराजचं कपाळ दारावर आपटून रक्त आलं होतं.

“गाडी माघारी घे,” तो म्हणाला.

“आन दवाखाना?”

“न्हाई जायाचं. तुला दरीत घालून मला जगायचं न्हाई. माझ्यामागं आयेला तुझ्याबिगर कोन हाय?”

तिने विनवलं, हात जोडले. तो हलला नाही. ओढा ओलांडून वर येईल अशी दुसरी गाडी पंचक्रोशीत नव्हती, आणि बाजेवरून न्यायचं म्हटलं तर त्याने बाजेला हात लावू दिला नाही. “मेल्यावर न्या बाजेवर,” म्हणाला. मंगळवार तसाच गेला. दोन दिवसांत त्याचं अंग फुगलं. त्याला आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या तो श्वास ओढायचा, आणि ती घरघर मला बाभळीखाली ऐकू यायची. ज्या गाडीने त्याला वाचवायचं, तिच्याच भीतीने तो मरायला बसला होता. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, हे मला त्या दिवसांत फार जाचलं.

शुक्रवारी दुपारी सत्यशीला एकटीच माझ्यात बसली. माणूस चालेल इतक्या वेगाने मला गॅरेजवर नेलं आणि कानिफनाथपुढे चावी धरली.

“भाऊजी, चालवा.”

“कुठं?”

“खिंडीत. आमच्या वाटेनं. मी शेजारी बसते.”

“वहिनी, सांजच्याला एक पिकअप द्यायचीया…”

“मी विचारायला आली न्हाई. तुमचा दोस्त घरात बसल्या जागी अंगातल्या पान्यात बुडायलाय. एकदा चालवा. माझा हात जड आसंल तर तोंडावर सांगा, मी परत ह्या चावीला शिवनार न्हाई.”

कानिफनाथने हात पुसले आणि चावी घेतली. मी ठरवलं, याच्यापासून काही म्हणजे काही लपवायचं नाही. डांबरी रस्त्यावरच त्याचं बोलणं कमी झालं. ओढा ओलांडून खिंडीत चढलो, वळण आलं, त्याने स्टेअरिंग फिरवलं आणि सवयीने हात सैल सोडला. स्टेअरिंग परत आलंच नाही. मी वळतच राहिले. पुढच्या धोंड्यावर मी माझं सगळं दुखणं त्याच्या मनगटांत ओतलं. त्याने मला कसंबसं थांबवलं आणि म्हणाला, “आयला, ही तर मानूस मारंल!”

तो उतरला आणि तिथेच, खडीवर, माझ्याखाली सरकला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग तो धुळीने भरलेलं तोंड घेऊन बाहेर आला आणि वाटेतल्या दगडावर मटकन बसला.

“वहिनी, पाचर उलटी हाय.”

“म्हंजे?”

“हिचा ॲक्सल कमानीच्या वर बसतो. पाचरीचं जाड अंग फुडं पायजे हुतं, मी मागं घातलं. चाकांचा कल सुधारायचा, तर आजून बिघडला. दोनी बाजूंना तसंच.” तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. “आज्यापासनं आमी नांगराची पाचर मागनंच ठोकत आलो. हाळिसाची लांब दांडी खोडात घातली की जाड अंग मागं. हात आपसूक तिकडंच गेला बघा. डोकं लावलंच न्हाई.”

“आन माझा हात?”

“तुमच्या हातानं ही गाडी इतके दिस रस्त्यावर ऱ्हायली. दुसरा कुनी आसता, तर कवाच खाली गेला आसता.”

सत्यशीलाचा चेहरा क्षणभर वाकडा झाला. रडायला तिच्याकडे वेळ नव्हता. “उठा,” ती म्हणाली, “फिरवा ती पाचर.”

चाकांना दगड लावले, जॅक चढवला. सत्यशीला पाने देत होती, कानिफनाथ यू-बोल्ट सोडत होता. दोन्ही पाचरी निघाल्या, फिरल्या, पुन्हा बसल्या. काट्याने कुरूप झालेल्या पायातला काटा निघावा, तसं मला झालं. तिथून वस्तीपर्यंत मी वर गेले, तेव्हा प्रत्येक वळणानंतर स्टेअरिंग आपण होऊन तिच्या हातांत सरळ येत होतं.

पण भीमराज आता नको म्हणायच्याही अवस्थेत नव्हता. ओठ काळे पडले होते. दोघांनी उचलून त्याला माझ्यात आणलं. सुमनबाई दार धरून उभ्या होत्या.

“मी चालवतो,” कानिफनाथ म्हणाला.

“तुमी मागं बसा आन त्यांना धरा,” सत्यशीला म्हणाली. “गाडी माझी हाय.”

मित्रांनो, तशी मी आयुष्यात कधी धावले नाही. खिंड उतरलो, ओढा ओलांडला, डांबर लागलं. सत्यशीला रस्त्यावरची नजर न हलवता ओरडत होती, “अहो, झोपू नका! बोला! काय बी बोला!” मागून आधी हुंकार यायचा. वाटेतलं सुपा गाव मागे पडलं आणि तोही थांबला.

“अहो!”

उत्तर नाही.

“श्वास हाय, वहिनी! लई बारीक हाय, पन हाय! चालवा तुमी!” कानिफनाथच्या आवाजात रडू होतं. मी सरळ जात होते. एवढंच मला करता येत होतं, आणि ते मी जीव तोडून केलं.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, त्याला आत नेलं, दार लागलं. माझं काम दारापर्यंत. आवारात उभी राहून मी त्या दाराकडे बघत होते. दिवेलागण झाली, दुसरा दिवस उजाडला. सत्यशीला मध्ये एकदा पिशवी घ्यायला आली, माझ्या टपावर नुसता हात ठेवून उभी राहिली आणि परत गेली. तो आहे की गेला, हे मला कोण सांगणार?

तो वाचला. पण त्या एका चुकलेल्या मंगळवारापायी त्याचं हृदय कायमचं दुबळं झालं. पूर्वी तो काठी टेकत का होईना ओढ्यापर्यंत चालत जायचा, आता अंगणसुद्धा त्याला लांब पडतं. घरी न्यायच्या दिवशी तो कानिफनाथच्या आधाराने माझ्याजवळ आला, माझ्या पुढच्या चाकाकडे पाहत उभा राहिला आणि सत्यशीलाला म्हणाला, “तुझा हात जड न्हवता. मी बोलायला नको हुतं.”

“बसा,” ती म्हणाली.

गाडी सुरू झाल्यावर त्याने विचारलं, “आता झोपू का गं जरा?”

“झोपा.”

सगळा जन्म त्याने गाड्यांत काढला, पण चालत्या गाडीत त्याने कधी डोळा मिटला नव्हता. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या हातात झोपत नाही. त्या दिवशी नगर सुटायच्या आत त्याला झोप लागली, आणि खिंडीतली सगळी वळणं तो झोपेतच चढला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या पाना हातात घेईल, कोणी गाडी चालवेल. गाडी उंच करा, रंगवा, सजवा, माझी हरकत नाही. पण तिच्यात बदल केला, तर तिला दारात चक्कर मारून सोडू नका. तिला जिथे जायचं आहे त्या वाटेवर न्या, आणि जो तिला रोज चालवतो त्याला शेजारी बसवा. मी लोखंडाची, मुकी. माझं दुखणं कोणाला कळलं नाही, याचा मला राग नाही. पण सत्यशीला मुकी नव्हती. ‘वळल्यावर परत येत नाही,’ हे ती पहिल्या दिवसापासून स्वच्छ शब्दांत सांगत होती. तेवढं एक वाक्य कोणी खरं मानलं असतं, तर भीमराज आज ओढ्यापर्यंत चालत गेला असता.